ताजिकिस्तानचे कौतुक करणाऱ्या मित्रांसाठी

ताजिकिस्तानने हिजाबवर बंदी आणल्याची २०२४ सालची बातमी आज सकाळी आमच्या शाळेच्या ग्रुपवर पुन्हा अवतरली आणि ज्यांच्याशी मी आयुष्यभर पुरोगामी विचारांच्या गप्पा मारल्या, त्याच मित्रमैत्रिणींनी तिच्याखाली टाळ्यांची रांग लावली. "मुसलमानांचा देश हे करू शकतो, मग आपण का नाही?" असा एकंदर सूर होता. धर्माच्या नावावर मते मागणारा कोणताही पक्ष मला नकोसा वाटतो, हे तुम्हाला वेगळे सांगायला नको. तरीही त्या टाळ्या पाहून माझे डोके फिरले.

काही वर्षांपूर्वी आमच्याकडे बोख्तारचा एक ताजिक विद्यार्थी पेइंग गेस्ट म्हणून राहत होता. आळसाने वाढलेली दाढी, कानात सदैव जुनी हिंदी गाणी, आणि नमाजाचा तर पत्ताच नाही. मात्र सुट्टीत घरी जायच्या आदल्या दिवशी तो न चुकता कोपऱ्यावरच्या सलूनमध्ये जाऊन दाढी सफाचट करून यायचा. मी थट्टा केली तेव्हा म्हणाला, "काकू, तिकडे पोलिसांनी करण्यापेक्षा इथे केलेली बरी." त्याच्या खातलोन प्रांताच्या पोलिसांनी २०१५ या एका वर्षात सुमारे १३,००० पुरुषांच्या दाढ्या उतरवल्याचे स्वतःच जाहीर केले होते.

ताजिकिस्तान सोव्हिएत संघात होता तेव्हा त्या राजवटीनेही हेच केले होते. मशिदींना कुलपे घातली, मौलवींना छावण्यांत धाडले आणि १९४३ नंतर ताश्कंदच्या सरकारमान्य मुफ्तींमार्फत सोयीपुरता इस्लाम चालू दिला. उरलेला बंद दाराआड गेला. राजधानी दुशान्बेत मुहम्मदजान हिंदुस्तानी नावाचे वृद्ध विद्वान (आपल्या अजमेरला शिकल्यामुळे हे नाव) घरातच गुपचूप शिकवत. ते स्वतः सबुरीचा सल्ला देणारे होते, पण त्यांच्याच शिष्यवर्गातून सैद अब्दुल्लो नूरी पुढे आले आणि इस्लामिक पुनरुत्थान पक्षाचे नेते झाले. सोव्हिएत संघ कोसळल्यावर १९९२ मध्ये सरकार आणि नूरींसह विरोधक यांच्यात यादवी पेटली आणि हजारो माणसे मेली. नूरींची माणसे काही साधुसंत नव्हती, आणि त्यांची सत्ता आली तर आपले काय होईल ही दुशान्बेच्या शिकलेल्या बायकांची धास्ती खोटी नव्हती, एवढे मान्य.

पण पुढचे कोणी का सांगत नाही? २७ जून १९९७ रोजी मॉस्कोत तह झाला, विरोधकांना ३० टक्के सरकारी पदे देण्याचे ठरले, बंदुका खाली ठेवल्या गेल्या आणि नूरींचा पक्ष संपूर्ण मध्य आशियातला एकमेव कायदेशीर इस्लामी पक्ष म्हणून निवडणुका लढवू लागला. ६३ जणांच्या सभागृहात त्याच्या वाट्याला आल्या दोन जागा. एवढ्याशा पक्षाचीही अडचण झाली! मार्च २०१५ च्या निवडणुकीत त्या दोन्ही गेल्या, त्याच वर्षी पक्ष दहशतवादी ठरला आणि पुढच्या वर्षी त्याच्या दोन उपाध्यक्षांना जन्मठेप झाली.

आमच्याकडे राहणाऱ्या त्या ताजिक मुलाचा धाकटा भाऊ मशिदीत जाऊ शकत नव्हता, कारण २०११ च्या कायद्याने अठरा वर्षांखालच्या मुलांना तिथे जवळपास मज्जावच केला होता. पुढे तो मजुरीसाठी रशियाला गेला आणि कामगारांच्या खोलीत पडल्यापडल्या मोबाइलवर कोणा अनोळखी प्रचारकाकडून धर्म शिकू लागला. हे सांगताना, दाढीवरून हसणारा हा मुलगा अगदी रडकुंडीला आला होता. घरी गावातल्या म्हाताऱ्या इमामाशी त्याचे कधी पटले नाही, तरी भावाने त्या इमामाकडेच बसावे असे त्याला आता वाटत होते. मी त्याला चहा दिला. दुसरे काय करणार होते?

आणि ज्यांना वाटते की वस्तऱ्याने प्रश्न सुटतो, त्यांनी गुलमुरोद खलिमोव्ह हे नाव शोधून पाहावे. दाढ्या उतरवणाऱ्या त्याच गृहखात्याच्या विशेष पोलीस दलाचा हा प्रमुख अमेरिकेत प्रशिक्षण घेऊन आलेला होता, आणि २०१५ मध्ये तो थेट इसिसला जाऊन मिळाला.

तुम्हाला धर्माधिष्ठित पक्षांवरची बंदी आवडते ना? ताजिकिस्तानने मे २०१६ च्या सार्वमतात तीही राज्यघटनेत घातली. त्याच सार्वमतात, त्याच एका प्रश्नात, राष्ट्राध्यक्ष रहमोन यांना हव्या तितक्या वेळा निवडणूक लढवण्याची मुभा मिळाली आणि त्या पदासाठीची किमान वयोमर्यादा ३५ वरून ३० वर आली. त्यांचा मुलगा रुस्तम तेव्हा २८ वर्षांचा होता.