पाठमोरी गर्दी

मी डोंबिवलीचा. त्यामुळे टोकियोत नोकरी लागली, घर निशि-कासाईला मिळालं आणि ऑफिसातल्या जपानी सहकाऱ्याने "सकाळी तोझाई लाइनने येणार?" असं हळहळून विचारलं, तेव्हा मला हसू आलं. तोझाई म्हणजे इथली गर्दीसाठी बदनाम मेट्रो. ऑफिस ओतेमाचीला, म्हणजे सुमारे पंधरा मिनिटांचा प्रवास, आणि तोही गाडी न बदलता. आमच्याकडे एवढा वेळ डोंबिवलीला पुलावरून उतरून फलाटावर उभं राहायला जागा मिळवण्यात जातो.

निशि-कासाई तसं छोटंच स्टेशन. खांबांवर उचललेले दोन रूळ, दोन बाजूंना दोन फलाट, खाली दुकानं. दुपारची फास्ट आपल्या नाकासमोरून निघून जाते. सकाळची मात्र उरायासूनंतर सगळीकडे थांबत येते, म्हणजे नावाला फास्ट. १९६९ साली ही लाइन इकडे आली तेव्हा आजूबाजूला कमळकाकडीची शेतं होती आणि किनाऱ्याला नोरी, म्हणजे सुशीला गुंडाळतात ते शेवाळ, पिकवायचे. गाड्या इथून नुसत्याच जायच्या. शेजारच्या कासाईला पहिल्या दिवसापासून स्टेशन, आणि आम्हाला मिळालं १ ऑक्टोबर १९७९ला. तोवर समुद्रात भराव पडला होता, इमारती उठत होत्या. २०००च्या आसपास वायटूके, म्हणजे संगणकांचा सन २०००च्या तारखेचा घोळ, निस्तरायला आलेले भारतीय इंजिनिअर इथे स्थिरावले. कारणं दोनच. ओतेमाचीच्या बँकांपर्यंत थेट गाडी, आणि जामीनदार न मागणाऱ्या सरकारी वसाहती. परदेशात जामीनदार आणायचा कुठून? आता आमच्या एदोगावा वॉर्डात टोकियोतले सर्वांत जास्त भारतीय राहतात आणि स्टेशनच्या परिसरात कढीपत्ता मिळतो. जागा सोडून सगळं मिळतं.

तर गर्दी. गर्दीचं मला काही वाटत नाही. मला छळते ती या लोकांची गर्दीत शिरायची पद्धत. आपण डब्यात कपाळ पुढे करून घुसतो. "दादा, आत सरका", "अरे आत मैदान आहे, मैदान!" असा संवाद होतो, कुणीतरी कुणाच्या तरी सात पिढ्या काढतो, आणि कळव्यापर्यंत ओळख झालेली असते. इथे शेवटचा माणूस दारापाशी येतो आणि चक्क वळतो. डब्याकडे पाठ, फलाटाकडे तोंड. मग दाराच्या वरच्या चौकटीला बोटं टेकवून शांतपणे मागे रेलत जातो, बॅग पोटाशी धरलेली. आतली चाळीस माणसं एक वीत आत जातात. दार लागतं. कुणी चकार शब्द काढत नाही. भांडायचं म्हटलं तर भांडणार कुणाशी? पाठीशी? चेहराच दिसत नाही! ज्याने ही पाठमोरी युक्ती काढली त्याने भांडणाचं मूळच उपटून टाकलं. बरगड्यांपेक्षा मला तेच जास्त दुखतं.

एप्रिल २०१९मध्ये माझा मामा आला. अख्खी नोकरी डोंबिवली ते सीएसटी केलेला माणूस. त्याला फुजी नको होता, चेरीची फुलं नको होती. "तुमची ती फेमस गर्दी दाखव," म्हणाला.

त्या काळात किबा ते मोनझेन-नाकाचो हा आमच्या लाइनवरचा टप्पा जपानात सर्वांत गर्दीचा होता. १९९ टक्के. मामाला आकडा सांगितला. "टक्के कशाचे?" मग त्याला सरकारी मोजपट्टी समजावून दिली. शंभर टक्के म्हणजे प्रत्येकाला सीट, कडी किंवा खांब. दीडशे म्हणजे वर्तमानपत्र उघडून आरामात वाचता येतं. एकशेऐंशीला घडी घालून वाचायचं. दोनशेला अंगाला अंग लागतं, पण साप्ताहिक कसंबसं वाचता येतं. अडीचशेला हात हलत नाही.

मामाने डोळे मिटून घेतले. "दोनशेला साप्ताहिक वाचतात?"

"कसंबसं."

"अरे, आपल्याकडे रेल्वेच्या कागदांत 'सुपर डेन्स क्रश लोड' म्हणतात. एका चौरस मीटरला चौदा ते सोळा माणसं. आपण पेपरची घडी घालत नाही, माणसाची घालतो."

मग मी त्याला दारं दाखवली. १९९१पासून या लाइनवर काही गाड्यांची दारं मुद्दाम एक मीटर ऐंशी सेंटिमीटर रुंद केली, चढउतार झटपट व्हावी म्हणून. मामा म्हणाला, "आम्ही दार लावतच नाही." यावर उत्तर नव्हतं.

त्याच वर्षाच्या सुरुवातीला मेट्रोने पहाटे लवकर निघणाऱ्यांना आमिष दाखवलं होतं. पुरेशी माणसं गर्दीच्या वेळेआधी गेली तर तेंपुरा फुकट, आणखी जमली तर सोबा नूडल्स. हे ऐकल्यावर मात्र मामा गंभीर झाला. तेंपुरा म्हणजे भजी. "आपल्याकडे ठेवलं तर पहाटे चारला चेंगराचेंगरी," तो म्हणाला, आणि ते खरं आहे. मामा आला त्याच एप्रिलमध्ये योगेंद्र पुराणिक हा मराठी माणूस एदोगावाच्या वॉर्डसभेवर निवडून आला, हे सांगितल्यावर म्हणाला, "मग त्याला सांग, तिसऱ्या डब्यात भजनी मंडळ सुरू करायचंय."

शेवटी एका सकाळी निघालो. नेमका वारा सुटलेला. निशि-कासाईनंतर लाइन अराकावा नदीवरच्या लांब पुलावर चढते, आणि २८ फेब्रुवारी १९७८ला तिथे वावटळीने गाडीचे डबे आडवे केले होते. त्यामुळे वारा वाढला की गाडी जपून चालते, वेळ पडली तर थांबते. आम्ही थांबलो. एक पाठ मामाच्या छातीवर, दुसरी माझ्या कानाला. सगळे गप्प. मामाला हे सहन होईना. तो खणखणीत मराठीत म्हणाला, "काय रे बाबांनो, कुणी मेलंय का?" एकही पाठ हलली नाही. फक्त कोपऱ्यातून, न दिसणारा कुणीतरी अगदी हळू म्हणाला, "काका, नवीन का?"

मामा खुलला. तो माणूस कल्याणचा निघाला. चेहरा आम्हाला शेवटपर्यंत दिसला नाही, पण किबा येईपर्यंत खडकपाड्याच्या जागांचे भाव निघाले आणि सकाळी बदलापूर लोकल पकडून उलटं यावं की नाही यावर दोघांचं रीतसर वाजलं. माझ्या आजूबाजूच्या पाठी किंचित ताठ झाल्या. मला इतकं बरं कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं.

ओतेमाचीला उतरलो ते थोडे उशिराच. गेटपाशी स्टेशनचा कर्मचारी वाकून वाकून चिठ्ठ्या वाटत होता. गाडीला उशीर झाला, दिलगीर आहोत, ऑफिसात दाखवा. मामाने चिठ्ठी उलटसुलट पाहिली. मी अर्थ सांगितला.

"रेल्वे लिहून देते? साहेबाला दाखवायला?"

"हो."

तो परत गेला, त्या कर्मचाऱ्यापेक्षा जास्त वाकला आणि मूठभर चिठ्ठ्या घेऊन आला. "पिंट्या अजून डोंबिवलीहूनच जातो ना," म्हणाला. मग एक चिठ्ठी माझ्यासमोर धरून, "ही तारीख तेवढी नको म्हणावं. कोरी मिळते का विचार."