रॅप म्हणजे नवं वेखंड नव्हे

‘ब्रिटिश गायक एड शीरन लहानपणी तोतरा होता. अमेरिकी रॅपर एमिनेमचं रॅप पाठ केलं आणि तोतरेपणा गेला. गाताना कुणीच अडखळत नाही, म्हणजे सगळा मनाचा खेळ. मुलाला रॅपला घाला!’ हा निरोप मला आजवर चार नातेवाइकांनी पाठवलाय. बोली सुटावी म्हणून पूर्वी मुलांना वेखंड चाटवायचे, तसं आता रॅप. मी अडखळतोही आणि रॅप रेकॉर्डही करतो, तेव्हा उत्तर देणं आलंच.

शीरनचा किस्सा खरा आहे. २०१५ मध्ये न्यूयॉर्कला, तोतरेपणावर काम करणाऱ्या संस्थेच्या कार्यक्रमात त्यानेच तो सांगितला. पण लहानपणी अडखळणाऱ्या बहुतेक मुलांचं अडखळणं वाढत्या वयात आपोआपही थांबतं. मग श्रेय रॅपचं किती, वयाचं किती? शिवाय ‘याची चिंता करू नका, आहात तसे राहा’ हा त्या भाषणाचा खरा सूर निरोपात गळालाय.

‘गेला’ म्हणता? अडखळत बोलणारा अमेरिकी संगीतकार स्कॅटमन जॉन वर्षानुवर्षं जाझ पियानोच्या आड लपला होता. १९९४ च्या अखेरीस त्याचं गाणं आलं तेव्हा पन्नाशी उलटलेली. आपल्या अडखळण्याबद्दल तो त्या गाण्यातच बोलला, गाणं जगभर वाजलं. मुलाखतीत मात्र अडखळणं तसंच. अमेरिकेतला कंट्री गायक मेल टिलिस आयुष्यभर सुरळीत गायला आणि दोन गाण्यांच्या मधे अडखळत विनोद सांगत राहिला.

मनाचा खेळ तर मुळीच नाही. गाताना शब्द आधीच ठरलेले असतात, स्वर लांबतात, ठेका बाहेरून मिळतो. ठेका देणाऱ्या मेट्रोनोम यंत्राच्या टिकटिकीवर नुसतं बोललं तरी अडखळणं कमी होतं. टिकटिक थांबली की परत येतं. हा मेंदूत बोलण्याची वेळ साधण्याचा प्रश्न आहे, बरेचदा घराण्यात चालत आलेला. भीतीने तो वाढतो, एवढंच.

आणि ‘कुणीच नाही’? रॅप गाण्यापेक्षा बोलण्याच्या जवळचं. पाठ ओळी न अडखळता निघतात, पण फ्रीस्टाइलमध्ये, म्हणजे आयत्या वेळी शब्द जुळवताना, माझे ओठ ‘प’वर चिकटतातच. रेकॉर्डिंगला अडकलेली ओळ पंच-इन करतो, म्हणजे तेवढीच पुन्हा रेकॉर्ड करून मधे बसवतो. (त्याला फसवणूक म्हणणाऱ्यांनी न अडखळणाऱ्या रॅपरचं एक सेशन बघावं.) एकदा ‘क-क-क’ नेमकं ड्रमच्या हाय-हॅट झांजेच्या ठेक्यावर बसलं, ते तसंच ठेवलं.

परवा बूथमध्ये सोळा ओळी एका दमात झाल्या. साउंडवाल्याने विचारलं, ‘फाइलला नाव काय देऊ?’ माझंच नाव सांगायचं होतं. शेवटी मोबाइलवर टाइप करून दाखवलं.