सावळ्या कातडीलाही ऊन भाजतं, त्यावर लिंबू चोळू नका

दर उन्हाळ्यात व्हॉट्सअ‍ॅपवर एक संदेश फिरतो: आपली कातडी सावळी, तिला सनस्क्रीन नको, खोबरेल तेल चोळून निघा, आभाळ भरलेलं असेल तर तेही नको, तरी भाजलंच तर लिंबू नाहीतर बर्फ चोळा. यातला लिंबाचा सल्ला सगळ्यांत घातक, म्हणून आधी तो.

लिंबाच्या सालीत आणि रसात सोरालेन वर्गातली द्रव्यं असतात. ती अंगावर असताना ऊन पडलं की कातडी पोळते. एक-दोन दिवसांत फोड येतात, मग रस जिथून ओघळला तिथे रेघेसारखे काळपट डाग उमटतात. सावळ्या कातडीवर ते कित्येक महिने टिकतात.

बर्फ थेट चोळला तर भाजलेल्या जागेला थंडीनेही इजा होते. साध्या गार पाण्यात भिजवलेलं सुती फडकं 10-15 मिनिटं ठेवा, दिवसातून चार-पाच वेळा. अंग ओलसर असतानाच बिनवासाचं मॉइश्चरायझर लावा. कोरफड चालेल, पण कापलेलं पान उभं धरून पिवळा चीक पुरता निथळू द्या. त्यानेही आग होते. फोड फोडू नका.

आता रंग. मेलॅनिनमुळे, म्हणजे कातडीतल्या रंगद्रव्यामुळे, संरक्षण मिळतं हे खरं, पण ते अपुरं असतं. अगदी काळ्या कातडीचं ते मोजलं तेव्हा एसपीएफ (भाजणाऱ्या उन्हापासून किती संरक्षण मिळतं त्याचं माप) 13 च्या घरात भरलं. गव्हाळ कातडीचं त्याहून कमी. आपल्याकडे लाली दिसत नाही, एवढंच. जागा गरम लागते, ताणल्यासारखी होते, सदऱ्याची कॉलर मानेला टोचते. त्रास उन्हातून आल्यावर काही तासांनी सुरू होतो आणि दुसऱ्या दिवशी वाढतो, म्हणून त्याचा उन्हाशी संबंध लावला जात नाही.

खोबरेल तेलाचा 7-8 एसपीएफ हा प्रयोगशाळेत तेल अल्कोहोल-पाण्यात मिसळून मोजलेला आकडा. अंगावर तेलाचा पातळ थर राहतो आणि तोही घामाबरोबर ओघळतो. एसपीएफ 30 चं सनस्क्रीन घ्या आणि भरपूर लावा, कारण बहुतेकांचं इथेच चुकतं. डब्यावरचा आकडा चौरस सेंटिमीटरला 2 मिलिग्रॅम या मापाचा असतो. आपण त्याच्या अर्ध्याहूनही कमी लावतो. तर्जनी आणि मधल्या बोटावर टोकापासून मुळापर्यंत दोन रेघा काढा: एवढं चेहऱ्याला आणि मानेला, तेवढंच प्रत्येक हाताला. कान विसरू नका. निघण्याच्या 15-20 मिनिटं आधी लावा, मग दर दोन तासांनी आणि घाम पुसल्यावर पुन्हा. सहा महिन्यांखालच्या बाळाला मात्र सनस्क्रीन नको, सावलीतच ठेवा.

ढगांचं म्हणाल तर, भाजतात ते अतिनील किरण आणि उकाडा वेगळा. विरळ ढगांतून यातले 80 टक्क्यांपर्यंत किरण खाली येतात. मुंबई-पुण्यात मेच्या मध्यावर भरदुपारी सूर्य थेट माथ्यावर असतो, आणि जुलैच्या अखेरीस पुन्हा. तेव्हा कोकणात भातलावणी चालू असते: वाकलेली पाठ, उघडी मान. तिथे क्रीमपेक्षा मानेवरून सोडलेला ओढणीचा पदर आणि पूर्ण बाह्यांचा सदरा जास्त कामाचा. याच दिवसांत लेप्टोसाठी (लेप्टोस्पायरोसिस, साचलेल्या दूषित पाण्यातून होणारा ताप) डॉक्सिसायक्लिन घेणाऱ्यांनी विशेष जपावं, त्या गोळीने कातडी उन्हाला लवकर भाजते.

अंगावर मोठ्या भागात फोड, ताप, हुडहुडी, उलट्या किंवा भोवळ असेल, किंवा भाजलेलं मूल वर्षाच्या आतलं असेल, तर घरगुती उपाय थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.