कंट्रोलरांचं वेगळं बिऱ्हाड

कंट्रोलरांना वेगळं काढायची कल्पना माझीच, त्यामुळे बोंब मारायची सोय नव्हती. आमच्या एएसपी डॉट नेट कोअरवरच्या वेब ॲपच्या मुख्य प्रोजेक्टमध्ये नऊ कंट्रोलर, म्हणजे बाहेरून येणाऱ्या हाकांना उत्तर देणारे क्लास, दाटीवाटीने नांदत होते. त्यांना उचलून मी एका क्लास लायब्ररीत, म्हणजे वेगळ्या प्रोजेक्टमध्ये, नेऊन बसवलं. वर दोघांचा एकमेकांत पाय अडकू नये म्हणून प्रोजेक्ट रेफरन्सही, म्हणजे एकाला दुसऱ्याची अधिकृत ओळखही, दिला नाही; लायब्ररीची तयार फाइल, डीएलएल, नुसती बिन फोल्डरमध्ये जाऊन पडेल एवढंच बघितलं. मीटिंगमध्ये याला 'मॉड्युलर' म्हणतात.

बिल्ड सुरळीत. ॲप सुरू. पहिल्याच हाकेला ४०४, म्हणजे 'सापडलं नाही'.

५००, म्हणजे सर्व्हर आतून कोसळल्याची खूण, आला असता तर बरं वाटलं असतं. ५०० निदान आकांडतांडव करतो, स्टॅक ट्रेस अंगावर फेकतो, कुठे दुखतंय ते सांगतो. ४०४ दार किलकिलं करून 'इथे असं कोणी राहत नाही' म्हणतो आणि कडी लावून घेतो.

मग नेहमीचे विधी. बिन उडवलं, ओबीजे उडवलं, रीबिल्ड, रीस्टार्ट. राउट, म्हणजे कंट्रोलरचा पत्ता, इतक्यांदा वाचला की पाठ झाला. कॉर्सवरही, म्हणजे दुसऱ्या साइटवरून आलेल्या हाकांच्या परवानगीच्या नियमांवरही, संशय घेतला. त्याचा काडीचा संबंध नव्हता, पण कॉर्सवर संशय घेतल्याशिवाय माझा दिवस भरत नाही.

ब्रेकपॉइंट, म्हणजे चालता कोड थांबवायची खूण, मात्र सकाळपासून काहीतरी सांगत होता. लाल टिंब भरीव हवं, ते पोकळ होतं. माउस वर नेला की म्हणे, या फाइलचे सिम्बॉल्स लोडच झालेले नाहीत. याचं आपलं भलतंच, म्हणून मी तिकडे काणाडोळा केला.

दुपारी शेजारची सहकारी खांद्यावरून डोकावली.

"अरे, ते टिंब पोकळ का?"

"ते सोड गं."

"सोड काय? तुझी लायब्ररी लोड कोण करतंय?"

कोणीच नाही! एएसपी डॉट नेट कोअर बिल्डच्या वेळी रेफरन्समधल्या, एमव्हीसी (कंट्रोलर ज्यात मोडतात तो ढाचा) वापरणाऱ्या लायब्रऱ्यांची 'ॲप्लिकेशन पार्ट' म्हणून नोंद करतं आणि कंट्रोलर शोधायला तेवढीच दारं ठोठावतं. फोल्डरात नुसती पडलेली डीएलएल त्याच्या खिजगणतीतही नसते. मग असेंब्ली, म्हणजे तीच डीएलएल, हाताने लोड केली, ॲडकंट्रोलर्सच्या शेपटीला ॲडॲप्लिकेशनपार्ट जोडलं, आणि आठ कंट्रोलर 'ओ' द्यायला लागले.

नववा ४०४.

याच्यापायी आणखी एक तास गेला. कंट्रोलर म्हणून ओळखायच्या अटी तपासल्या: नावाच्या शेवटी कंट्रोलर आहे, ॲब्स्ट्रॅक्ट नाही, जेनेरिक नाही, दुसऱ्या क्लासच्या पोटातही नाही. बाकीच्या फाइली मी जशाच्या तशा हलवल्या होत्या. हा एकटा नव्याने, हाताने लिहिलेला. शेवटी आठव्याची आणि नवव्याची फाइल शेजारीशेजारी लावली, तेव्हा दिसलं: 'क्लास'च्या आधी 'पब्लिक' लिहायचं राहिलं होतं. सी शार्पमध्ये काहीच न लिहिलेला क्लास इंटर्नल, म्हणजे त्याच असेंब्लीपुरता, धरतात, आणि फ्रेमवर्क पब्लिकपलीकडे बघत नाही. कंपायलरच्या दृष्टीने सगळं यथासांग होतं, तो कशाला बोलेल?

शब्द लिहिला. २००, म्हणजे सगळं ठीक.

"काय होतं रे शेवटी?" पलीकडून आवाज आला.

"कॉर्स," मी म्हणालो आणि ती फाइल बंद केली.