मिकीची ओळखपरेड

फ्लोरिडातल्या वॉल्ट डिस्ने वर्ल्डमध्ये काही उपाहारगृहांत मिकी माऊस आणि मंडळी जेवणाच्या टेबलापाशी येऊन भेटतात. या जेवणाची नोंदणी 60 दिवस आधी सुरू होते आणि बाळाला तिथे नेणाऱ्यांच्या सगळ्या घोटाळ्याचं मूळ तिथेच आहे. नोंदणी करताना मांडीवर असतं ते पाच महिन्यांचं, छताच्या पंख्याकडे बघूनही खिदळणारं बाळ. प्रत्यक्ष जेवायला येतं ते सात महिन्यांचं, बाबांनी नवा चष्मा लावला तरी ओठ काढणारं बाळ. टेबल एकाच्या नावाचं आणि खुर्चीत भलताच इसम!

परक्या माणसाची भीती साधारण सहा ते आठ महिन्यांच्या दरम्यान डोकं वर काढते आणि पुढे वर्ष-दीड वर्षाच्या आसपास चांगलीच फोफावते. अमेरिकेतल्या मराठी घरात मात्र सहलीची तारीख बाळाच्या वयावर ठरत नाही. ती ठरते आजी-आजोबांच्या परतीच्या तिकिटावर. बाळंतपणाला आलेल्या आजीला साधारणपणे सहा महिने राहता येतं. ‘हिला एकदा डिस्ने दाखवू’ हे ठरता ठरता पाचवा महिना उजाडतो. खरं तर हा मुहूर्त उत्तम. पण मग दादाची सुट्टी, वहिनीचं ऑफिस, विमानाची भाडी असं करत सहल जेवढी पुढे ढकलावी तेवढं बाळ शहाणं होत जातं.

मला विचाराल तर पाच महिन्यांच्या आत न्या, नाही तर चार वर्षांनंतर. पण असं मला कोणी विचारत नाही. तीन वर्षांखालच्या मुलाला प्रवेशाचं तिकीट नाही आणि बुफेच्या जेवणाचे पैसेही नाहीत, एवढं कळलं की मराठी माणूस बाकी काही ऐकण्याच्या मनःस्थितीत नसतो. मोठ्यांना माणशी 50 डॉलरच्या पुढे मोजावे लागतात, तिकडे कानाडोळा होतो. फुकट असलं तरी नोंदणीत बाळ धरावं लागतं, हे लक्षात ठेवा. चार मोठे आणि एक बाळ म्हणजे पाच जण. चारांचं टेबल घेऊन ‘हे काय, मांडीवर बसेल’ हा एसटीतला युक्तिवाद तिथे चालत नाही.

आता बाळ घाबरतं ते नेमकं कशाला? आकार हे एक कारण आहेच. घरातला मिकी बाळाच्या तोंडात मावतो. इथल्या मिकीच्या तोंडात बाळ मावेल. पण त्याहून मोठं कारण म्हणजे न हलणारा चेहरा. एडवर्ड ट्रॉनिक या मानसशास्त्रज्ञाने 1970च्या दशकात एक प्रयोग केला. आईने आधी बाळाशी नेहमीसारखं खेळायचं आणि मग अचानक चेहरा निर्विकार करून नुसतं बघत बसायचं. बाळं हसून बघतात, हातवारे करतात, आवाज काढतात आणि तरीही आई ढिम्म, असं दिसलं की अस्वस्थ होऊन रडू लागतात. टेबलापाशी येणारा मिकीचा कुत्रा प्लूटो हेच करतो. शेपटी हलते, पंजे हलतात, मान हलते आणि तोंडावरचं हसू मात्र सकाळपासून तेच. बाळाने भोकाड पसरलं तरी तो हसतोच आहे. हा प्राणी आपल्या रडण्यावर खूश आहे, अशी समजूत झाली तर बाळाचा दोष नाही.

आणि तिसरं कारण आपण. साधारण वर्षाच्या मुलाला काही नवं दिसलं की ते आधी आईचा चेहरा वाचतं. 1985 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात वर्षाच्या बाळांना जाड काचेवर रांगायला सोडलं होतं. काचेखाली मध्येच खड्डा आहे असं भासायचं आणि पलीकडे आई उभी असायची. आईचा चेहरा आनंदी होता तेव्हा 19 पैकी 14 बाळं खड्डा ओलांडून गेली. चेहरा भ्यालेला होता तेव्हा 17 पैकी एकही गेलं नाही. आता हे मराठी टेबलावर आणून पाहा. मिकीचा मित्र गूफी दहा फुटांवर असतानाच आई म्हणते, ‘घाबरायचं नाही हं सोनू, काही करत नाही तो.’ सोनूला तोवर घाबरायचं सुचलंही नव्हतं. बाबा मोबाईल डोळ्यांसमोर धरून बसलेले, म्हणजे त्यांचा चेहराच गायब. आणि आजी उत्साहाने ओरडते, ‘बघ बघ, बुवा आला!’ इतके दिवस ज्याच्या नावाने मऊभात भरवला, तो बुवा आज खरोखर हजर झाला. म्हणून निघण्याआधी निदान महिनाभर घरात बुवाचं नाव काढायला बंदी हवी. आजीला हे सांगण्याचं काम मुलीने किंवा मुलाने करावं. सुनेवर आणि जावयावर ढकलू नये.

याच महिन्यात रंगीत तालीमही उरकता येते. मिकीसारखे पांढरे मोठे हातमोजे आणि मिकीच्या कानांची पट्टी घरी आणा. ते बाबांनी बाळासमोर चढवायचे आणि बाळासमोरच उतरवायचे. आतल्या खोलीतून सगळं चढवून एकदम बाहेर यायचं नाही. तेवढ्याने सहलच रद्द करावी लागेल. माणूस तोच आणि वरचं सोंग काढता-घालता येतं, हे दिसलं पाहिजे. बुवा-कुक खेळणाऱ्या बाळाला ही गंमत लवकर कळते. (हा अपवाद सोडून बुवाचं नाव नाही!)

जागा कोणती निवडावी यावर माझी मतं पक्की आहेत. शेफ मिकीज हे सर्वात नावाजलेलं आणि बाळासाठी सर्वात अवघड. ते कंटेम्पररी या हॉटेलात असल्याने पार्कचं तिकीट लागत नाही, म्हणून गर्दी फार. वर मध्येच संगीत सुरू होऊन सगळे जण नॅपकिन गरगरा फिरवतात. मोठ्यांना मजा येते. झोप अर्धवट झालेल्या बाळाला दंगल उसळली असं वाटतं. मॅजिक किंगडम या पार्कमधलं क्रिस्टल पॅलेस त्यामानाने बरं. काचेची इमारत, भरपूर उजेड आणि विनी द पू या मधवेड्या अस्वलाची मंडळी. त्यातला ईयोर हे गाढव बाळांसाठी अगदी आदर्श. मान खाली, चाल संथ, स्वभाव उदास, कोणाच्या अंगावर जाणार नाही. टिगर या वाघाचं मात्र उलट. तो उड्या मारतच येतो, तेव्हा तो दिसला की बाळाला कडेवर घ्या. क्रिस्टल पॅलेसचा खरा फायदा वेगळाच आहे. पार्कचं बेबी केअर सेंटर अगदी शेजारी आहे. तिथे दूध पाजायला शांत खोली, लंगोट बदलायला टेबलं, उंच खुर्च्या आणि मायक्रोवेव्ह आहे. पेच पडला तर पळायला जागा हवी, हे शिवरायांच्या महाराष्ट्राला वेगळं सांगायला नको.

माझी पहिली पसंती मात्र डिस्ने वर्ल्डच्याच एपकॉट या पार्कमधल्या गार्डन ग्रिलला. जेवण टेबलावर आणून वाढतात, त्यामुळे ‘तू बस, मी आणतो’ करत निम्मं कुटुंब बुफेच्या रांगेत आणि बाळ भलत्याच्या ताब्यात, असं होत नाही. सबंध उपाहारगृह सावकाश गोल फिरतं. बाळ खाली दिसणारे देखावे बघण्यात गुंगतं. चिप आणि डेल या खारी येतात, सोबत मिकी आणि प्लूटो. लाल नाकाचा तो डेल. आजोबांना हे आधी सांगून ठेवा, म्हणजे त्यांना काहीतरी काम मिळतं.

बसताना उंच खुर्चीची पाठ भिंतीकडे आणि तोंड वाटेकडे ठेवा. बहुतेक रडारडीला कारण एकच: पात्र मागून येतं आणि बाळाने मान वळवावी तर वीतभर अंतरावर दोन फुटांचं डोकं. वाटेच्या बाजूला आई बसवा, आतल्या बाजूला बाळ. मग पहिली दहा मिनिटं काही करायचं नाही. तीन टेबलं पलीकडे मिकी लोकांना भेटतोय आणि कोणालाही खात नाही, एवढं बाळाला बघू द्या. मिकीबरोबर एक मदतनीस फिरत असतो. त्याला आधीच सांगा की बाळाची ही पहिलीच भेट आहे, जरा लांबून. मिकीला तोंडाने बोलायचं नसतं आणि मुखवट्यातून फारसं दिसतही नसतं, तेव्हा ही सूचना मदतनिसामार्फतच गेलेली बरी. ही मंडळी कामात तरबेज असतात. टेबलापासून दूर थांबतात, गुडघ्यावर बसतात, डोळे झाकून दाखवतात आणि नुसता हात पुढे करतात.

तेव्हा बाळाला कडेवर जरा तिरकं धरा, समोरासमोर नको. बघावंसं वाटलं तर बघेल, नाही तर आईच्या खांद्यात तोंड खुपसेल. दोन्ही चालतं. हातमोज्याला किंवा नाकाला बाळाने आपणहून हात लावला तर ओळख झाली म्हणायचं. मिकीच्या हातात बाळ सोपवायचं नाही. चार बोटांच्या जाड मोज्यांतून वळवळणारं सात-आठ किलोचं मूल सांभाळायची अपेक्षा कोणाकडूनच ठेवू नये. बाळ रडलंच तर हात हलवून टाटा करायचा आणि बाहेर एक चक्कर मारून यायचं. ‘एकच फोटो, एकच’ म्हणून पुन्हा पुढे सरकवलेलं बाळ मग संध्याकाळपर्यंत फुग्यालाही रडतं.

फोटोवाला एकच नेमा. त्याने मिकीच्या खांद्यामागून फोटो घ्यावा, म्हणजे बाळाचा चेहरा तरी येतो. फ्लॅश बंद. साताऱ्याच्या आत्याला व्हिडिओ कॉल लावायचा तर उन्हाळ्यात इथले सकाळचे आठ म्हणजे तिथले संध्याकाळचे साडेपाच. आत्या मोकळी असते, हीच अडचण. मिकीच्या नाकासमोर फोन धरून ‘आत्याला हाय कर’ असा आग्रह चालू असतो आणि बाळ पोरकं होऊन टेबलावरचा चमचा चघळत बसतं.

खाण्याचं थोडक्यात. बाळाचं खाणं घरून न्यायला हरकत नाही. काचेच्या वस्तू पार्कात बंद असल्या तरी बेबीफूडची छोटी बरणी चालते. द्राक्षं उभी चार तुकडे करून द्या. वर्षाच्या आत मध देऊ नका, मग ताटलीवर पूचं चित्र कितीही गोड असो. पोट भरलेलं आणि झोप झालेलं बाळ निम्मी लढाई जिंकून देतं, म्हणून वेळ पहिल्या झोपेनंतरचीच घ्या.

संध्याकाळी आजी दृष्ट काढणार, हे गृहीत धरा. विस्तवावर मिरच्या-मोहऱ्या टाकायचा बेत मात्र मोडून काढा. हॉटेलच्या खोलीत धुराची सूचना देणारी यंत्रं असतात. ती वाजली तर अख्खा मजला जिन्यावर येईल आणि तिथे बाळाची आणखी शंभर परक्या माणसांशी ओळख होईल. मीठ-मोहऱ्या ओवाळून पाण्यात सोडल्या तरी भागतं. हा विधी बाथरूमच्या फरशीवर करावा. गालिच्यावर सांडलेली मोहरी आजीला दिसत नाही, रांगणाऱ्या बाळाला बरोबर दिसते.