कपड्यात होणं म्हणजे म्हातारपण नव्हे

ग्रुपवर एक मजकूर फिरतोय: ‘साठीनंतर संडासवरचा ताबा जायचाच. खाणं-पाणी कमी करा, डायपर लावा. गुदद्वारात बसवायचं सिलिकॉनचं बूच वापरू नका, स्नायू कायमचे ढिले पडतात.’ हेच खरं मानून माझी आई आठ महिने सदाशिव पेठेतल्या घरातून भजनालासुद्धा बाहेर पडली नाही. म्हणून लिहितेय.

‘ताबा जायचाच’ हे चूक. वयाबरोबर शक्यता वाढते, पण कारण वेगळं असतं आणि ते शोधता येतं: बाळंतपणात फाटलेला स्नायू, जुना मधुमेह, भगंदराची शस्त्रक्रिया. एक कारण तर घरोघरी चुकतं, बद्धकोष्ठ. आत कडक खडा अडकतो आणि त्याच्या कडेने पातळ शी झिरपते. घरच्यांना वाटतं जुलाब; ते बंद व्हायची गोळी देतात आणि खडा आणखी घट्ट होतो. आम्हीही दिली होती. डॉक्टरांनी बोटाने तपासलं तेव्हा कळलं.

पाणी तोडलं तर हा खडाच वाढतो. खडा नसताना शी पातळ होत असेल तर ती इसबगोलाने बांधली जाते. नाश्त्यानंतर आतड्याला चालना मिळते, म्हणून त्याच वेळी रोज बसायचं.

आता बूच. ते स्नायू बरा करत नाही, फक्त गळती अडवतं. स्नायूसाठी आवळण्याचा व्यायाम वेगळा करावाच लागतो. सगळ्यांना ते सोसतही नाही. उपचारांवरचे अभ्यास एकत्र तपासणाऱ्या ‘कॉक्रेन’ या संस्थेच्या 2012 साली अद्ययावत झालेल्या आढाव्यात चार अभ्यासांतल्या 136 जणांपैकी 48 जणांनी वेगवेगळ्या कारणांनी अभ्यास अर्ध्यात सोडला. बूच निसटल्याच्या तक्रारीही बऱ्याच होत्या. पण ज्यांना सोसलं, त्यांच्यापैकी काहींना उपयोग झाला. मग करून न पाहताच नाही का म्हणायचं? मात्र शीतून रक्त जात असेल किंवा तिथे नुकतीच शस्त्रक्रिया झाली असेल, तर आधी डॉक्टर. कंबरदुखीबरोबर मांड्यांमध्ये बधिरपणा आला तर त्याच दिवशी दवाखाना.

खडा साफ झाल्यावर, डॉक्टरांना विचारून आम्ही दोन आठवडे बूच वापरून पाहिलं. कालनिर्णयच्या चौकोनात कपडे खराब झाले की लाल ठिपका, बूच निसटलं की निळा. पहिल्या दिवशी ते तासाभरात निसटलं. “सारखी लागल्यासारखं वाटतंय गं,” आई म्हणाली. तिसऱ्या दिवसापासून ते वाटणं कमी झालं. पहिल्या आठवड्यात पाच लाल ठिपके, दुसऱ्यात एक. दुसऱ्या गुरुवारच्या चौकोनात ठिपका नाहीच; तिथे आईने स्वतःच्या हाताने ‘भजन’ लिहिलंय.