ॲव्हरेज पडलं म्हणून बॅटरीवर खापर फोडू नका

जुन्या हायब्रिड गाड्यांच्या मालकांमध्ये एक मेसेज सतत फिरत असतो. त्याचा सारांश असा: गाडी आठ-दहा वर्षांची झाली आणि ॲव्हरेज पडलं, की हाय-व्होल्टेज बॅटरी, म्हणजे मोटर चालवणारा मोठा पॅक, संपली असं समजा. मीटरवर चार्ज कधीच पूर्ण दिसत नाही आणि इंजिन सारखं चालू राहतं, हा त्याचा पुरावा. सर्व्हिसिंग करूनही फरक पडला नाही तर शंकाच नको. स्वस्तात भागवायचं असेल तर पॅकमधलं खराब मॉड्यूल (सेलचा छोटा संच) तेवढं बदला.

या सल्ल्यापायी धडधाकट पॅक काढून टाकले जातात आणि नवा बसवूनही ॲव्हरेज जिथल्या तिथेच राहतं. म्हणून यातला एकेक मुद्दा तपासू. आकडे टोयोटा प्रियसच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या पिढीचे घेतले आहेत. बाकी गाड्यांचे आकडे वेगळे असतील, तपासायची रीत तीच.

«वय झालं की बॅटरी उतरते आणि तिच्याबरोबर ॲव्हरेजही»

बॅटरी उतरते हे खरं. ॲव्हरेज त्याच प्रमाणात उतरतं हे मात्र खरं नाही. अमेरिकेतल्या कन्झ्युमर रिपोर्ट्सने २०११ मध्ये २००२ सालची (पहिल्या पिढीची), दोन लाख मैलांहून जास्त, म्हणजे सव्वातीन लाख किलोमीटरच्या पुढे धावलेली प्रियस तपासली. तिचं ॲव्हरेज ४०.४ मैल प्रति गॅलन भरलं. त्याच मॉडेलची जवळपास नवी गाडी त्यांनी दहा वर्षांपूर्वी तपासली होती, तेव्हाचा आकडा होता ४०.६. एका गाडीवरून सगळ्या गाड्यांची खात्री देता येत नाही, पण «वय झालं की पडणारच» हे विधान खोडायला ती पुरेशी आहे.

कारण हिशेबात आहे. दुसऱ्या-तिसऱ्या पिढीचा पॅक २०१.६ व्होल्टचा आणि ६.५ अँपिअर-तासांचा, म्हणजे साधारण १.३ युनिटचा. त्यातलाही मधला भागच वापरात येतो. आता १,४०० किलोची गाडी ताशी ५० वरून थांबली तर तिच्यातली गतिज ऊर्जा जेमतेम ०.०४ युनिट भरते. पॅकची क्षमता निम्मी झाली तरी एवढी ऊर्जा त्यात आरामात मावते. थकलेला पॅक उघडा पडतो तो लांब उतारावर आणि त्यापाठोपाठच्या चढावर. सपाट शहरी रस्त्यावर ॲव्हरेज २० टक्क्यांनी पडलं असेल आणि दुसरं काहीही लक्षण नसेल, तर नजर आधी दुसरीकडे वळवा.

«चार्ज पूर्ण होत नाही म्हणजे बॅटरी कमजोर»

हा मुद्दा सरळसरळ चुकीचा आहे. निकेल-मेटल-हायड्राइड सेल टिकावेत म्हणून गाडीचा संगणकच चार्ज अंदाजे ४० ते ८० टक्क्यांमध्ये ठेवतो, आणि त्याचा कल ६० टक्क्यांच्या आसपास राहण्याकडे असतो. आठपैकी सहा पट्ट्या दिसणं हे तब्येत ठीक असल्याचं चिन्ह आहे. काळजी करायची ती उलट्या प्रकारात: सौम्य चढावर पट्ट्या भराभर रिकाम्या होतात, दोन-चार मिनिटांत पुन्हा फुल होतात, आणि मागच्या सीटजवळचा पंखा जोरात घोंगावत राहतो.

अंदाज बांधत बसण्यापेक्षा मोजा. हायब्रिडचा डेटा वाचणारं ॲप आणि ओबीडी अडॅप्टर (गाडीच्या संगणकाला जोडायचं छोटं यंत्र) लावा. २८ मॉड्यूल दोन-दोनच्या जोडीने मोजली जातात, म्हणून स्क्रीनवर १४ ब्लॉक दिसतील. प्रत्येक ब्लॉकमध्ये १२ सेल असतात. गाडी उभी असताना सगळे ब्लॉक जवळपास सारखेच दिसतात, त्यामुळे त्या आकड्यांवर जाऊ नका. मोकळ्या रस्त्यावर जोरात ॲक्सिलरेटर द्या आणि त्या क्षणी सर्वांत कमी व्होल्टेज कुठल्या ब्लॉकचं आहे ते बघा. मग लांबवर हळूहळू ब्रेक लावत या आणि चार्जिंगच्या वेळचे आकडे बघा. फरक ०.२-०.३ व्होल्टचा असेल आणि मागे पडणारा ब्लॉक दर वेळी बदलत असेल, तर पॅक काम करतोय. तोच ब्लॉक दर वेळी एक व्होल्ट किंवा त्याहून जास्त खाली जात असेल, तर त्यातला एक सेल गेला असण्याची शक्यता मोठी, कारण एक सेल १.२ व्होल्टचा असतो. असा पॅक आज ना उद्या पी०ए८० हा बिघाडाचा कोड देतोच.

त्याच स्क्रीनवर बॅटरीचं तापमान दिसतं. ते चढं असेल तर मागच्या सीटशेजारची हवेची जाळी आणि आतला पंखा काढून बघा. तिथे धागे, धूळ, पाळीव प्राण्यांचे केस यांचा थर बसतो. हवा कोंडली की बॅटरी तापते, संगणक तिचं चार्ज-डिस्चार्ज आवरतं घेतो आणि त्याचा भार इंजिनवर येतो. हे स्वच्छतेचं काम आहे, बॅटरी बदलण्याचं नाही.

«इंजिन बंदच होत नाही, म्हणजे बॅटरी साथ देत नाही»

या लक्षणामागे थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या कुलंटचा प्रवाह आवरणारा व्हॉल्व्ह, असण्याची शक्यता बरीच मोठी असते, आणि सर्वांत जास्त दुर्लक्ष त्याच्याकडेच होतं. कुलंट साधारण ७० अंशांच्या पुढे जाईपर्यंत गाडी इंजिन मोकळेपणाने बंद करत नाही. थर्मोस्टॅट किंचित उघडा अडकला तर कुलंट तापायला वेळ लागतो आणि उतारावर ते पुन्हा गार होतं. साध्या पेट्रोल गाडीत याचा फटका थोडा बसतो. हायब्रिडमध्ये मात्र इंजिन बंद ठेवण्याची मूळ युक्तीच बाद होते. थंड इंजिनवर निघून २० मिनिटं चालवा आणि कुलंटचा आकडा बघत राहा. हायवेवरही तो ७०-७५ मध्ये घुटमळत असेल तर थर्मोस्टॅट बदला. पी०१२८ कोडची वाट बघू नका, अर्धवट अडकलेल्या थर्मोस्टॅटला तो बरेचदा येतच नाही.

कुलंट व्यवस्थित तापतंय आणि तरी इंजिन चालूच राहतं? मग हीटर बंद करून बघा, कारण केबिनला उष्णता हवी असली तरी इंजिन चालू ठेवावं लागतं. आणि दुसऱ्या पिढीत ताशी ६७ किलोमीटरच्या आसपास वेग गेला की इंजिन फिरत राहतं, ती गिअरबॉक्समधल्या जनरेटरच्या कमाल आरपीएमची मर्यादा आहे. तो बिघाड नव्हे.

«सर्व्हिसिंग केलं, फरक नाही. उरली फक्त बॅटरी»

नेहमीच्या सर्व्हिसिंगमध्ये काय होतं? ऑइल, फिल्टर, फार तर प्लग. एअर फिल्टर बदलून ॲव्हरेज वाढेल ही आशाच फोल. ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने २००९ च्या चाचण्यांत दाखवून दिलं, की संगणक-नियंत्रित इंजेक्शनच्या गाडीत तुंबलेल्या फिल्टरने पिकअप कमी होतो, ॲव्हरेज जवळपास तेवढंच राहतं. उलट सर्व्हिसिंगमध्ये बिघाडाची भरही पडते: दुसऱ्या पिढीच्या इंजिनात फिल्टरसकट ३.७ लिटर ऑइल बसतं आणि चार लिटरचा अख्खा कॅन ओतला जातो. डिपस्टिक स्वतः ओढून बघा.

ज्याला हात लागत नाही ते ब्रेक. हायब्रिडमध्ये गती बरीचशी मोटर कमी करते, त्यामुळे पॅड क्वचित दाबले जातात. वर्षानुवर्षं तसंच चाललं की कॅलिपरच्या (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाच्या) स्लाइड पिनवरचं ग्रीस सुकतं, पॅडच्या कडा गंजून बसतात आणि पॅड डिस्कला घासत राहतो. पंधरा-वीस मिनिटं हलक्या ब्रेकने चालवून थांबा आणि इन्फ्रारेड थर्मामीटरने चारही चाकांच्या ब्रेकचं तापमान मोजा (दुसऱ्या पिढीत मागे डिस्क नाही, ड्रम असतात). एकाच ॲक्सलवरची एक डिस्क दुसरीपेक्षा ३०-४० अंशांनी गरम असेल तर तो कॅलिपर अडकलाय. पिन बाहेर काढून, गंज साफ करून, ब्रेकचं सिलिकॉन ग्रीस लावलं की काम होतं. मात्र या गाड्यांत ड्रायव्हरचं दार उघडलं तरी ब्रेकचा पंप जागा होतो. पॅडवर काम करण्यापूर्वी १२ व्होल्ट बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा.

मग टायर. हवेबद्दल जरा अतिशयोक्तीच होते. अमेरिकी ऊर्जा विभागाच्या अंदाजानुसार चारही टायरमधली हवा सरासरी एका पीएसआयने कमी झाली तर फटका ०.२ टक्क्यांचा. म्हणजे आठ पीएसआयला दीड टक्का. टायरचा प्रकार मात्र मोठा घटक. कंपनीने दिलेले कमी रोलिंग रेझिस्टन्सचे (फिरताना कमी अडणारे) टायर झिजल्यावर साधे बसवले, की त्याच महिन्यात ॲव्हरेज खाली येतं. शिवाय झिजलेल्या टायरच्या जागी सहा मिलिमीटर जास्त खोलीचा नवा टायर आला की व्यास १२ मिलिमीटरने, म्हणजे सुमारे दोन टक्क्यांनी वाढतो आणि ओडोमीटर तेवढं अंतर कमी मोजतो. ॲव्हरेज नेमकं टायर बदलल्यापासून पडलं असेल तर बॅटरीचा विषयच नको.

तिसऱ्या पिढीच्या गाडीत आणखी एक जागा: ईजीआर (एक्झॉस्टचा काही वायू पुन्हा इंजिनात सोडणारी यंत्रणा) कूलर आणि हवा आत नेणाऱ्या इनटेक मॅनिफोल्डमधल्या बारीक वाटा कार्बनने बुजतात. सकाळी इंजिन सुरू होताना गाडी हादरत असेल आणि कुलंट हळूहळू कमी होत असेल, तर ॲव्हरेज राहू द्या, आधी हेड गॅस्केट (इंजिनाचा ब्लॉक आणि हेड यांमधलं सील) तपासा.

कडाक्याची थंडी आणि इंधन यांचाही हिशेब करा. उणे सात अंशांत शहरातल्या प्रवासात हायब्रिडचं ॲव्हरेज २५ अंशांच्या तुलनेत ३० टक्क्यांहून जास्त पडू शकतं. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा लिटरमागे सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते, म्हणून २० टक्के मिश्रणात सहा-सात टक्के आपोआप जातात.

«एक मॉड्यूल बदला, पॅक नवा»

ब्लॉकची चाचणी करून सेल गेल्याचं खरोखर सिद्ध झालं, तरी हा उपाय तात्पुरताच. बाकीची २७ मॉड्यूल तितकीच थकलेली असतात. मध्ये एक ताकदवान मॉड्यूल घातलं की पुढच्या कमकुवत मॉड्यूलची पाळी येते. करायचंच असेल तर साधारण तेवढ्याच क्षमतेचं मॉड्यूल मोजून घ्या, सगळी समांतर जोडून त्यांचं व्होल्टेज समान होऊ द्या आणि मॉड्यूल जोडणाऱ्या तांब्याच्या पट्ट्यांवरचा (बसबारवरचा) हिरवा गंज काढा, कारण त्या गंजामुळे चांगला ब्लॉकही खराब दिसतो. सर्व्हिस प्लग (पॅकचा हाय-व्होल्टेज जोड तोडणारा) काढल्यावर किमान दहा मिनिटं थांबायचं, मीटरने शून्य व्होल्ट बघायचं, आणि १,००० व्होल्टचे रबरी हातमोजे घातल्याशिवाय हाय-व्होल्टेजच्या नारिंगी केबलला हात लावायचा नाही. या कामाचा सराव नसेल तर हे प्रशिक्षित मेकॅनिकवर सोडा. त्याच्याकडे जाताना १४ ब्लॉकचे लोडखालचे आकडे, कुलंटचं तापमान आणि चारही चाकांच्या ब्रेकचं तापमान लिहून न्या.